दारावरची खूण

लीलाबाई कामावरून मुकुंदवाडीला परतली, तर घराच्या दारावर कुणीतरी खडूनं गोल काढून ठेवलेला. शेजारच्या दारांवर काही नव्हतं. ती उंबऱ्याबाहेरच थबकली.

आता तुम्ही म्हणाल, खडूच्या गोलाला काय भ्यायचं? भ्यायचं कसं नाही! विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावाकडं तिचं घर बाबासाहेबांच्या फोटोसकट जळालं, त्याच्या आदल्या दिवशी असंच कुणीतरी दाराला कोळसा ओढून गेलं होतं. त्याला पंधरा वर्षं झाली. पोरगा सर्जेराव चिकलठाण्याला कंपनीत लागला, सून गोजर आली, तिला सातवा महिना लागला, आणि शहरात पुन्हा नामांतराच्या नावानं रोज नवी आवई उठायला लागली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. लीलाबाईनं पदर ओला करून गोल पुसला.

आत गोजर भरदिवसा झोपलेली.

"कोण आलं व्हतं गं?"

"ठावं नाय, आत्याबाई. अंगात कसंतरीच होतंय, डोळा लागला व्हता."

"आम्ही कामावर गेलो की कडी लावून घे. कुणी बी हाक मारू दे, उघडायचं नाय."

गोजर मोठी गुणाची. तीन दिवस तिनं कडी काढली नाही. जेवणावरची वासनाही उडाली तिची. लीलाबाईला वाटलं, पोर भ्यालीय.

चौथ्या दिवशी शेजारची कस्तुराबाई नळावर म्हणाली, "काल दवाखान्याच्या पोरी आल्या व्हत्या. तुमच्या दारी कशा नाय थांबल्या? चार दिसांमागं घरं बघाय आल्या तवा पोटुशीचं घर म्हणून मीच दाखवलं व्हतं. गोल बी काढला त्यांनी."

"कशापायी गं?" लीलाबाईनं घागर नळाखालून ओढली.

"गल्लीतल्या तरण्या पोरांचं रक्त नेलं व्हतं ना मागं? लई जणांना कावीळ होऊन गेलीय म्हणं, ह्या घाण पाण्यानं. त्यांना कळलं बी नाय. तरणी पोरं निभावतात, पण पोटुशीच्या जिवावर बेततं. म्हणून त्या दारी आधी थांबायचं, म्हणत व्हत्या."

पावसाळ्यात सर्जेराव आठ दिवस मरगळून तसाच कामावर जात होता, ते लीलाबाईला आता आठवलं. घागर तिथंच टाकून ती पळाली. दार ठोठावलं, आतून हूं नाही की चूं नाही. "मी हाय गं, गोजरे, मी," ती म्हणत राहिली. बऱ्याच वेळानं कडी निघाली. उजेडात गोजरचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले.

रिक्षानं तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला.

"तुमच्या गल्लीत मुली फिरल्या ना? त्यांनी पाहिलं नाही हिला?"

खोटं बोलायला लीलाबाईनं तोंड उघडलं, पण जमलं नाही. "आल्या व्हत्या, साहेब. खूण म्याच पुसली."

डॉक्टरला काही उमगलं नाही. तो सलाईन आणायला सांगत होता. खाटेवर गोजर ग्लानीत बडबडत होती.

"आत्याबाई, कुणीतरी दार वाजवतंय. उघडू का?"

लीलाबाईनं तिचा हात घट्ट धरला. "उघड गं माझे बाई," ती म्हणाली, "उघड."