आढ्यापर्यंतची भिंत

भिंतींना कान असतात म्हणतात. चिंचणीच्या आमच्या घरात त्यांना कानांची गरजच नव्हती, कारण त्या आढ्यापर्यंत पोचतच नव्हत्या. कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेले पुरुषभर उंचीचे कुड, आणि त्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. समुद्राचा वारा पडवीतून शिरायचा, माजघरावरून जाऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा. घरातलं बोलणंही त्याच वाटेने फिरायचं.

पणजोबांनी एका खोलीवर झावळ्या शाकारल्या. आजोबांनी झावळ्या उतरवून नळीची कौलं चढवली. आत्याच्या लग्नात पुढचा ओटा वाढला. घराला हात न लावलेला पुरुष आमच्यात झालाच नाही, मग माझे वडील, अण्णा, मागे कसे राहतील?

आधी आईचं सांगते. विहिरीवर घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ती आतल्या खोलीतल्या खाटेला खिळली. पण संसार काही सोडला नाही. पडल्या पडल्या कुडावरून मला आणि अण्णांना हुकूम सुटायचे. सुलू, डाळ लागली बघ. कोंबड्या परसात शिरल्या, हाकला. अण्णा वैतागून म्हणायचे, बाई खाटेवर आणि जीभ गावभर.

सहासष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं आणि चिंचणीत कामगारांना खोल्या मिळेनात. अण्णांनी पडवी आणि अर्धं माजघर भाड्याने द्यायचं ठरवलं. भाडेकरू पुंजाराम, संगमनेरकडचा गवंडी, नुकतंच लग्न झालेला. मधला कुड पाडून त्याने स्वतःच विटांची भिंत घातली, आणि गावाकडच्या सवयीने ती थेट कौलांना भिडवली. वारा बाहेर ठेवायचा असतो, एवढंच त्याला ठाऊक. अण्णा इतके खूश झाले की उरलेले कुडही त्यांनी तसेच बदलून घेतले आणि येईल त्याला पक्कं घर दाखवत सुटले.

घर तापायला लागलं आणि गप्प झालं. पहिले दोन दिवस आईच्या हाका भिंतीआडून पुसट यायच्या, मग त्याही थांबल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी माझ्या मनासारखा स्वयंपाक करत होते, टोकायला कुणी नव्हतं. अण्णा ओट्यावर निवांत पान लावायचे. ताट नेऊन द्यायचं, रिकामं परत आणायचं, की झाली आईची सेवा.

पंधरवड्याने एका दुपारी पुंजारामची बायको राहीबाई धावत आली. तिची चूल मधल्या भिंतीला लागून होती आणि पलीकडे आईची खाट. काकी पडल्यात वाटतं, ती म्हणाली, कवाची भिंत वाजतीय.

आई जमिनीवर होती. पाण्यासाठी वळताना खाली आली होती, आणि हातातल्या पितळी फुलपात्राने भिंत ठोकत होती. अण्णांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं. भिंतीमुळे तुझी हाक ऐकू आली नाय, एवढंच ते परत परत म्हणत राहिले.

"तुमाला हाक मारलीच नाय मी," आई म्हणाली. "पंधरा दिस कोणी काय इचारलं नाय. म्हटलं, माज्यावाचून चालतंय."

मला मान वर करवेना. संध्याकाळी अण्णांनी शिडी लावली. पुंजारामने त्यांना खाली उतरवलं आणि आपण घातलेल्या सगळ्या भिंतींचे वरचे चार-चार थर आपल्याच हाताने काढले. वारा पुन्हा घरभर फिरायला लागला. आतल्या खोलीतून मात्र शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी बोंबलाचं कालवण चुलीवर होतं. त्यातलं आंबटाचं प्रमाण मला परकर नेसत होते तेव्हापासून येतं. तरी मी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "आई, चिंच किती घालू?"

मग आवाज आला, "तुला ठावं हाय ते."

"नाय ठावं," मी म्हणाले.

कालवणाला कढ आला तरी मी तशीच उभी.

"लिंबाएवढी घाल," आई म्हणाली. "आन् आधी भिजत टाक."

तेवढ्यात ओट्यावरून अण्णांनी विचारलं, "माजा चष्मा कुठं ठेवलाय गं?"

मी डोकावून पाहिलं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.