भाऊजींचं पोट

आमच्या भाऊजींना पोट आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तसं पोट सगळ्यांनाच असतं म्हणा, पण इतरांचं आपलं गपगुमान जेवण पचवतं आणि पडून राहतं. भाऊजींचं पोट बातम्या देतं. सकाळी ते फुगलं होतं की नाही, दुपारी गुरगुरलं कुठल्या बाजूला, हे सगळं भाऊजी बेकरीच्या काउंटरपाशी येऊन गिऱ्हाइकांना सांगतात. काउंटरवर मी बसते, त्यामुळे मला सगळं पाठ. लोक पाव घ्यायला येतात आणि भाऊजींच्या गॅसची हकिकत घेऊन घरी जातात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खाली बेकरी, वर तीन खोल्या, त्यातली जिन्याजवळची माझी. माणूस कामाला वाईट नाही, खोटं कशाला बोलू? भिजवलेल्या पिठात एक बोट दाबतील आणि भट्टीत कधी घालायचं ते बरोबर सांगतील. पण जेवायचं कसं, तर भट्टीसमोर उभ्या उभ्या. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात घास, दातांना सुट्टी आणि वरून कपामागून कप चहा. असं कोंबल्यावर पोट फुगेल नाही तर काय गाणं म्हणेल?

ताई म्हणायची, "अहो, जरा बसून खा."

"बसून खायला वेळ आहे का मला?"

पण भुकटीशास्त्र्यासमोर तासन् तास बसायला वेळ होता. भुकटीशास्त्री हे नाव मी ठेवलेलं. तो स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवतो. त्याच्या दुकानात भिंतभर डबे. एका डब्यात चांगले जंतू, एका डब्यात त्या जंतूंचं खाणं, एका डब्यात आतड्यांना अस्तर, आणि एक डबा आधीच्या तीन डब्यांनी पोट बिघडलं तर. त्याने भाऊजींची जीभ बघितली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गहू."

झालं! बेकरीवाल्याला गहू वर्ज्य. डोक्यापासून पायापर्यंत मैद्याने माखलेला माणूस, भुवया पांढऱ्या, कानात पीठ, आणि म्हणे मला गव्हाचा कणही चालत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, रक्त तपासून तरी घ्या." तर म्हणाले, "शरीर सांगतं ना! रक्ताला काय विचारायचं?"

त्या दिवसापासून स्वयंपाकघराची फाळणी झाली. खिडकीकडचा ओटा भाऊजींचा. त्यांचा वेगळा तवा, वेगळी सुरी, वेगळी पातेली, फडक्यांनासुद्धा वेगळा खिळा. तिथे ताईने जायचं ते हात कोपरापर्यंत धुऊन. आधी त्यांचा वेगळा भात, वेगळ्या भाज्या, वेगळं सूप करायचं आणि मग स्वतःच्या पोटाचं बघायचं. तोवर तिच्यात स्वतःसाठी काही शिजवायचं त्राण उरायचं नाही. मग काय, खालून आलेला पाव होताच.

आणि पाव यायचाच. आमच्या बेकरीचा एक दंडक आहे, भाऊजींच्या वडिलांपासूनचा. प्रत्येक घाण्यातला पहिला पाव घरच्या माणसाने मोडून खायचा आणि मगच बाकीचे काउंटरवर मांडायचे. नुसता तुकडा जिभेवर ठेवून चालत नाही. पाव अख्खा खायचा, कारण भाऊजींच्या मते पावाची खोड शेवटच्या घासाला कळते. कारागिरांवर त्यांचा विश्वास नाही, आणि माझ्या जिभेवर तर अजिबात नाही. मी सगळ्याच पावांना बरं म्हणते. हे काम जन्मभर भाऊजींचं होतं. ते आता ताईच्या गळ्यात पडलं. मूळची ताई भातावरची. पाव तिला कधी फारसा मानवलाच नाही, दोन खाल्ले की पोट धरून बसायची. पण भट्टी तापली की हाक यायची, "अगं, ये, खाऊन सांग!" आणि ही जिना उतरायची. पहाटे साधा पाव, मग गोड पाव, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी परत साधा.

ताई वाळायला लागली.

आधी मला वाटलं दगदग असेल. मग तिच्या बोटातली अंगठी गळून पिठात पडली आणि एका गिऱ्हाइकाच्या पावातून परत आली. केसांचे पुंजके निघायला लागले. तोंड सारखं आलेलं. दिवसातून कितीदा पोट घेऊन धावायची ते ती सांगायची नाही, पण भिंतीपलीकडे मीच झोपते, मला दार ऐकू यायचं. जिना चढताना मधल्या पायरीवर बसून राहायची आणि मी दिसले की उगाच पायरी पुसल्यासारखं करायची. मला भीती वाटत होती. उघड सांगते, मला वाटत होतं ताई हातातून जाते.

भाऊजींना मात्र काय दिसलं? "बघ, माझ्या पथ्याचा घरावर कसा परिणाम झाला! किती हलकी झालीस तू."

मी म्हटलं, "भाऊजी, तिला चक्कर येते."

"विषारी द्रव्यं बाहेर पडताना येते. मला पण यायची."

तुम्हाला काय यायचं नाही, ते सांगा एकदा! शेजारणीला बाळंतकळा आल्या तेव्हासुद्धा भाऊजी म्हणाले होते, अगदी असंच माझं होतं. पण ताईने मला डोळ्यांनी गप्प केलं. जिचं पोट तिलाच बोलायचं नाही, तर मी किती घसा फोडणार?

तरी भाऊजी अगदीच दगड नव्हते. ताईसाठी त्यांनी भुकटीशास्त्र्याकडून एक डबा आणला. अशक्तपणावर रामबाण म्हणे. रोज दोन मोठे चमचे कोमट पाण्यातून घ्यायचे. मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. गव्हाचा अंकुर, गव्हाचा कोंडा आणि वेलची. ताई ते रोज नाक दाबून प्यायची आणि अर्ध्या तासात धावायची. "साफ होतंय सगळं," भाऊजी समाधानाने म्हणायचे.

मग भुकटीशास्त्र्याने सभागृह घेऊन मेळावा भरवला. भाऊजींना भाषण, आणि ताईला नुसतं व्यासपीठावर उभं राहायचं काम. मागच्या पडद्यावर तिचा जुना फोटो, गाल भरलेले, हसताना डोळे बारीक झालेले. पुढे ही, अंगावरचे कपडे खुंटीवर टांगल्यासारखे. भुकटीशास्त्री म्हणाला, "बघा मंडळी! एका माणसाने पथ्य धरलं आणि त्याच्या पत्नीचा असा कायापालट झाला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीची गळ्याची हाडं दिसतात म्हणून माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "भाग्यवान आहे हो!" त्या बाईला मी काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

टाळ्या चालू असतानाच ताईने वरून माझ्याकडे बघितलं. मी ओळखलं आणि धावले. पायऱ्या उतरून ती माझ्या कानात एवढंच म्हणाली, "बाथरूम कुठे आहे गं?" मी तिला घेऊन गेले. बाहेर येऊन तिने हात धुतले, आरशात बघितलं आणि तिथेच फरशीवर बसली. उठता येईना. मी तिला उचललं. मी रोज मैद्याची पोती ओढते हो. ताई काहीच भरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरला कुलूप घातलं. "आज पाव नाही, ताई दवाखान्यात चाललीय," असं गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. मग भाऊजींना यावंच लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर दोन खुर्च्या. पेशंटच्या खुर्चीवर भाऊजी बसले.

"काय होतंय?" बाईंनी ताईकडे बघून विचारलं.

"सकाळी इथे फुगतं," भाऊजी पोटावर हात फिरवत म्हणाले, "दुपारी जरा उतरतं..."

"तुम्ही पेशंट?"

"नाही, पेशंट ही. पण पोटाचं मला जास्त कळतं."

"बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

भाऊजी बाहेर गेल्यावर ताई बोलायला लागली. आधी चाचरत, मग थांबेचना. इतकं सगळं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. बाईंनी रक्त घेतलं, पुढे दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. निदान आलं. सीलिॲक. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्यांना सोसत नाही. गहू पोटात गेला की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यांवर उठतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. रोग बहुतेक जुना, दबून होता. रोजच्या पावाने आणि त्या अंकुराच्या भुकटीने तो पार वर काढला. आता गहू बंद, जन्मभर. पिठाच्या धुरळ्यातही जायचं नाही.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं नुसतं ऐकलं होतं. आमच्याकडे त्याच्याही वरताण झालं होतं. औषध पखालीला, आणि रेड्याला वर कोंडा.

मला वाटलं, आता तरी भाऊजी मान खाली घालतील. भाऊजींनी मान वर केली. "बघा! गहूच निघाला ना? मी सांगत नव्हतो? माझीही तपासणी करा, मला आधीपासून आहे."

बाई म्हणाल्या, "तुम्ही गहू सोडून बसलाय. आता रक्तात काही दिसणार नाही. काही आठवडे रोज पाव खा, मग या."

भाऊजींचा चेहरा असा पडला, जणू कुणी विष घ्यायला सांगितलंय. पण खाल्ला. पहिला पाव डोळे मिटून, दुसरा एक डोळा उघडून, आणि त्या आठवड्याच्या शेवटी लोणी लावून. भुकट्या बंद, उभ्याने खायचं बंद, चहा दोन कप. पोट एका शब्दाने बोललं नाही. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. आपल्याला रोग नाही हे ऐकून तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. घरी येताना रस्ताभर म्हणत होते, "मशीन जुनं असेल त्यांचं."

संध्याकाळी मी खिडकीकडच्या ओट्यावरून भाऊजींचे डबे उतरवायला घेतले. बाईंनी सांगितलंच होतं, ताईची भांडी वेगळी, जागा वेगळी. अशी जागा तयारच होती घरात, नुसती चुकीच्या माणसाच्या नावावर.

"अगं, हळू!" भाऊजी मागून आले. "मग माझ्या डब्यांचं काय? ते कुठे ठेवायचे? आणि शास्त्री फोनवर काय म्हणाले माहीत आहे? घरातला रोग माझ्या शरीराने आधी ओळखला म्हणे. माझं पोट हिच्यासाठी दुखत होतं."

मी डबा डोक्यात घालणार होते. पण ताई खुर्चीवरून बोलली. आवाज बारीकच, तरी सगळं ऐकू आलं.

"रोज सकाळी उठून तुम्ही तुमच्या पोटाला विचारता, कसं आहेस? मी ऐकत पडलेली असते शेजारी. मला एकदा तरी विचारलंत? मी मरत होते हो. तुमच्या शेजारी झोपून मी मरत होते, आणि तुम्ही लोकांना माझ्यावर टाळ्या वाजवायला लावल्यात."

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. माणूस दुष्ट नाही, हेच तर दुखणं आहे. दुष्ट असता तर ताईला मी कधीच घेऊन गेले असते.

मग त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले. नवं पातेलं घेतलं, त्यात पाणी घातलं आणि गॅस लावला. जन्मात पहिल्यांदा ते बायकोसाठी चुलीपुढे उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "सांग. तुला काय हवंय? तू म्हणशील ते करतो."

ताई विचार करायला लागली. कपाळाला आठ्या घालून, पदार्थ आठवत. भाजी कोणती आवडते? अंडं कसं आवडतं? भात मऊ की मोकळा? अख्ख्या घराच्या जिभा सांभाळणारी बाई, पण स्वतःचं काही तिला सापडेचना. पाणी उकळायला लागलं. शेवटी ओशाळून, सवयीने ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

आणि भाऊजी, देवाशप्पथ, सांगायला लागले.