घडीमास्तरांचं नाक

घडीमास्तरांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. शर्टाची घडी अशी घालायचे, की गिऱ्हाइकाला ती मोडायला जिवावर यावं. त्यांची लाँड्री बोळाच्या तोंडाशी होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे दोन मशिनं आणि त्यांच्याही मागे एक अंधारी खोली. थंडी संपली की अर्ध्या वस्तीचे कोट, स्वेटर आणि ब्लँकेटं धुऊन, वाळवून, डांबरगोळ्या घालून त्या खोलीतल्या ट्रंकांमध्ये जायची, ती पुढची थंडी पडेपर्यंत.

ऋतू बदलला की मास्तरांचं काम बदलायचं. उन्हाळ्यात खळ भरपूर, कारण घामानं कॉलर मान टाकते. हवा दमट झाली की खळ जवळपास बंद, कारण खळीवर बुरशी लवकर धरते. मग साबण कमी, पाणी एकदा जास्त, मशीनमध्ये दोनदा पिळणं, दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर आणि इस्त्रीचा गरम कपडा लगेच घडी करायचा नाही. हे सगळं हातांना पाठ होतं. पण कपडा आतपर्यंत वाळलाय की वरवर, हे शेवटी नाक सांगायचं. घडी घालण्याआधी कपडा क्षणभर नाकाशी न्यायचा, की फैसला झाला.

त्या वर्षी थंडी सरता सरता मास्तरांना ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण नाही, रॉकेल नाही, डांबरगोळीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. नाही आला तर मात्र मला धरू नका."

मास्तरांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. लाँड्रीवाल्याला वास येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला फिरकेल? घरीही पत्ता लागला नाही, आणि त्याला कारण त्यांचा स्वभाव. पूर्वी जेवायला बसले की दूध नासकं, भाजी करपट, तेल खवट, असा पाढा सुरू व्हायचा. आता गुमान जेवून उठायचे. बायको शेजारणीला कौतुकानं सांगे, "तापानं सुधारला हो माझा माणूस!"

उन्हाळा निभावला. उन्हात काय, कपडे वाळून कुरकुरीत होतात, नाकाला विचारतो कोण! मग आभाळ भरून आलं आणि चार-चार दिवस ऊन दिसेना. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या लॉजचा मॅनेजर चादरींचा गठ्ठा घेऊन परत आला.

"मास्तर, कुबट वास येतोय. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मास्तरांनी चादर नाकाशी नेली, अभ्यास केल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाले, "हो, किंचित. परत धुऊन देतो."

खरं तर नाकाशी दगड धरला असता तरी तेवढंच कळलं असतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मास्तर स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. शेजारीच शेगडीवर दूध होतं. मास्तरांच्या सासूबाई वर्षभरापासून त्यांच्याकडेच राहत होत्या. दोघांचं बोलणं "जेवलात का" आणि "पंखा लावू का" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. त्या आतल्या खोलीतून लगबगीनं आल्या आणि गॅस बंद केला. दूध आटून पातेलं काळं पडलं होतं, आणि जावई दोन हातांच्या अंतरावर बसून पान उलटत होते. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि ते घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या दुकानात हजर.

"घरात बसून अंग आंबलं माझं," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली, ती थेट घडीच्या कपड्यांपाशी. मग एकेक कपडा उचलून नाकाला लावायला सुरुवात केली. "हा झाला. हाही झाला. ह्याच्या बगलेत घाम राहिलाय. ही चादर कडेला ओली आहे, परत दोरीवर घाला."

मास्तरांचं डोकं फिरलं. सासूनं जावयाच्या दुकानात नाक खुपसावं म्हणजे काय! "आई," ते शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"जावईबापू, तुम्हाला वास येत नाही," सासूबाई चादरीवरून नजर न काढता म्हणाल्या. "लेकीला मी बोलले नाही. तुमचं तुम्ही सांगा, सांगायचं तेव्हा."

मास्तरांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. कुठल्या तरी शर्टाची कॉलर पिवळी पडायच्या आत त्यांनी ती कशीबशी उभी केली.

"मलाही डाव्या कानानं ऐकू येत नाही," सासूबाई पुढे म्हणाल्या. "चार वर्षं झाली. तुम्ही नेहमी माझ्या उजव्या बाजूनं बोलता, तेव्हा वाटलं, ह्यांना कळलंय आणि ह्यांनी चारचौघांत काढलं नाही. बरं वाटलं मला."

मास्तरांना त्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. घरात त्यांची खुर्चीच त्या बाजूला होती, एवढंच. खोटं श्रेय घेता आलं असतं, पण जमेना. "आई, मला माहीत नव्हतं हो," ते म्हणाले.

सासूबाई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खळखळून हसल्या. "असू दे. बसायची जागा तरी बरोबर निवडलीत."

त्या दिवसापासून रोज दहा ते एक सासूबाई दुकानात. लॉजचा मॅनेजर पुन्हा गठ्ठा घेऊन आला नाही. मास्तरांना तापानंतर पहिल्यांदा रात्री नीट झोप लागू लागली.

पंधरा-वीस दिवसांनी सासूबाई पाणी प्यायला मागच्या बाजूला गेल्या आणि अंधाऱ्या खोलीच्या दारात थबकल्या. "जावईबापू, इथे काहीतरी बिघडलंय."

मास्तरांनी ट्रंका उघडल्या. पहिल्या तीन ठीक होत्या. चौथीचं झाकण उघडताच सासूबाईंनी पदर नाकाला लावला. जाड कोट होते, खांद्यांत भरण असलेले. तापातून उठल्यावर मास्तरांनी तेच आधी धुतले होते. वरून हाताला कोरडे लागले म्हणून ठेवून दिले, पण आतलं भरण ओलं राहिलं होतं. अस्तरावर पांढरे ठिपके उठले होते आणि ओल शेजारच्या ट्रंकेत पोचायच्या बेतात होती.

मास्तर एकेक कोट बाहेर काढून मोजू लागले. "लोकांनी विश्वासानं ठेवलेत हो. अकरा कोट आहेत."

"रडून कोट वाळत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर ऊन नाही. मग ऊब कुठे आहे, ते सांगा."

ऊब दोन दुकानं सोडून होती. तिथे बेकरी होती, आणि तिच्या भट्टीच्या वर मैद्याची पोती ठेवायची कोरडी ठणठणीत माडी. मास्तर नाक मुठीत धरून बेकरीवाल्याकडे गेले आणि त्यांनी पहिल्यांदाच एका परक्या माणसाला सगळं खरं सांगितलं.

बेकरीवाला हातावरचं पीठ झटकत म्हणाला, "एवढंच ना? माझ्या लग्नातला कोट तुम्ही तीनदा वाचवलाय. चला, पोती सरकवू."

मास्तरांनी ब्रशनं बुरशी झाडली, अस्तरं ओल्या फडक्यानं पुसली, खांदे उसवून भरण मोकळं केलं. चार दिवस कोट माडीवर टांगलेले राहिले. सासूबाई रोज जिना चढून प्रत्येक खांद्यात नाक घालून यायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी निकाल दिला, "कुबटपणा गेला. आता पावाचा वास येतोय, पण तो काही कुणी परत करणार नाही."

दहा कोट वाचले. अकरावा ग्रंथपालबाईंचा होता आणि त्याच्या अस्तराला डाग राहिला. मास्तर तो घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले. चूक कशी झाली ते सांगितलं, नाकाचंही सांगितलं आणि नवं अस्तर घालून देतो म्हणाले. बाई थोडा वेळ कोट उलटा-सुलटा करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आतलं कोण बघतंय? घालाच, पण निळं घाला. हा करडा रंग मला कधीच आवडला नव्हता."

परत येताना मास्तरांना रस्त्यात उगाचच हसू येत होतं. आता बायकोला सांगणं तेवढं राहिलं होतं. त्यांनी जेवताना सांगून टाकलं.

बायकोनं डाव खाली ठेवला. "म्हणजे इतके महिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, ती यामुळे?"

"हो."

"आणि मी जगभर सांगत सुटले, सुधारला म्हणून!" ती रागावली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकट्यानं कशाला सोसलंत? मला सांगायचं नाही?"

"एकट्यानं नाही," मास्तर म्हणाले. "आई होत्या."

थंडी पडली आणि लोक कपडे न्यायला येऊ लागले. कोट खांद्यावर टाकत एक जण म्हणाला, "मास्तर, कमाल आहे, हा घातला की भूक लागते!" मास्तरांनी त्याला बेकरीची आणि सासूबाईंची गोष्ट सांगितली. मग जो येईल त्याला सांगितली. सासूबाई खुर्चीतून ओरडायच्या, "पुरे हो, काम करा!" पण त्यांची मान ताठ झालेली असायची.

वास अजून पुरता परतलेला नाही. कधी डांबरगोळीचा भास होतो, कधी तोही नाही. मास्तर त्याची वाट बघत बसत नाहीत. एक वाजला की शटर अर्धं खाली ओढतात, सासूबाईंची पिशवी आपल्या हातात घेतात आणि त्यांच्या चालीनं, सावकाश, घरी जेवायला निघतात.