धोंडबाभाऊंची ओळ

स्वयंपाकघरात मी जरा गुणगुणले की रोशनीचे बाबा बैठकीतून टोमणा मारायचे, "सूर सोडला वं." लग्न झाल्यापासून त्या शब्दांनी माझं डोकं फिरायचं. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली, आणि तोच टोमणा ऐकायला माझे कान आसुसले.

शहरातल्या सदर भागात हर्षा मॅडम संगीतोपचार करतात. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते, असं त्या म्हणाल्या. झालं, माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दर मंगळवारी ह्यांना धरून मेट्रोने सीताबर्डी, तिथून ऑटो. मॅडमनी पेटीवर किती भजनं वाजवली, पण हे नुसते बघत राहायचे.

त्या मंगळवारी मी घरून ह्यांची खंजेरी नेली. मॅडमनी ती मांडीवर ठेवताच डावा हात चालू झाला. ठेका अगदी भजनी मंडळातल्यासारखा पक्का.

"काका, करा सुरू," मॅडम म्हणाल्या. ओठ काही हलेनात. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा मीच चिडले.

"अवो मॅडम, हे सुरू काहून करतीन? मंडळात धोंडबाभाऊ ओळ टाकायचे, हे मागून उचलायचे. जल्मात कधी पह्यले गायले नाही."

"मग धोंडबाभाऊंना बोलवू या."

"ते मागच्या साली वारले."

मॅडमनी पेटी पुढे ओढली. "मग आज तुम्ही धोंडबाभाऊ."

मी? माझा गळा म्हणजे फुटका डबा. पण ठेका थांबत नव्हता आणि हे माझ्याकडेच बघत होते. लाज गुंडाळून ठेवली, धोंडबाभाऊंसारखा हात वर केला आणि टाकली ओळ.

"अंगण झाडलं गड्या, मन कधी..."

"झाडशील," हे म्हणाले.

आवाज जड होता, अडखळत होता, पण त्यांचाच होता. मॅडम पेटी सोडून उठल्याच. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. पुन्हा ओळ टाकली, पुन्हा "झाडशील". मग आनंदाच्या भरात मी अशी काही वरची पट्टी धरली की शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर डोकावून गेला.

ह्यांचा हात थांबला. कपाळाला आठी पडली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"सू... सूर," हे म्हणाले, "सोडला वं."

"सोडला," मी म्हणाले. "आता रोज सोडीन."