तार कुठे जाते

काचेच्या पेटीतला पितळी लोलक मंद होत गेला, पार थांबला, आणि कुणी हात न लावता पुन्हा झुलू लागला. सभागृहातले हात जोडले गेले. धाकटीचे मात्र मांडीवरच राहिले. ती कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. थांबलेला लोलक आपण होऊन उठत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

व्यासपीठावर तिचा थोरला भाऊ होता. पूर्वी तत्त्वज्ञान शिकवायचा. आता लोक त्याला आचार्य म्हणत. हलणाऱ्याला हलवणारा लागतो, त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. ही साखळी जिथे टेकते तोच परमेश्वर, असं तो घोळवून घोळवून सांगे. आणि 'परमेश्वर' म्हणायला नि लोलक हलायला नेमकी गाठ पडे.

पहिल्या रांगेत आई डोळे पुसत होती. चालवणारा वर बसलाय, हे मुलाच्या तोंडून ऐकून तिने हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. माझ्याकडे राहायला ये, म्हणून धाकटी वर्षभर विनवत होती. उत्तर एकच, "बघू गं."

लोलक ज्या आडव्या तारेला टांगला होता, तिच्यावर धाकटीची नजर गेली. तार पेटीत संपत नव्हती. ताणलेली तशीच पडद्याआड गेली होती. ही युक्ती तिच्या ओळखीची होती. मागे एकदा दादाने विचारलं म्हणून तिनेच हौसेने दाखवलं होतं: ताणलेल्या दोरीला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन चमचे टांगायचे. एक हलवला की दोरीतून धक्के पोचून दुसरा झुलतो, पहिला थांबतो. मग पुन्हा उलट. "हुशार गं माझी बहीण," तो म्हणाला होता.

पेटीतला लोलक थांबताच ती उठली आणि पडदा सारला. मागे दुसरा लोलक झुलत होता. त्याला झोका देणारा शिष्य ओशाळून उभा. तिने लोलक मुठीत धरला.

"दादा, आता हलव."

पेटीत काही हललं नाही.

"घरी बोलू, धाकटे," तो पुटपुटला. "नुसता युक्तिवाद लोकांना पटत नाही. काहीतरी दाखवावं लागतं."

"युक्तिवाद कर ना, जन्मभर ऐकेन. पण खऱ्याला पडद्याआड माणूस कशाला लागतो?" मग ती लोकांकडे वळली. "काय मानायचं ते माना. फक्त आधी तार कुठे जाते ते बघा."

आई खुर्चीला धरून उठली. तिने मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"माझ्या गोळ्या घेऊन ठेव गं," ती लेकीला म्हणाली. "मी आजपासून तुझ्याकडे राहणार."