तुडुमाची किल्ली

आमच्या तळ्याचं पाणी सोडायच्या दाराला आम्ही तुडूम म्हणतो. त्या तुडुमाची किल्ली एकतीस वर्षं माझ्या कंबरेला आहे. मी गावचा पाणकर, म्हणजे कोणाच्या बांधीत, धानाच्या तुकड्यात, कधी आणि किती पाणी जायचं हे ठरवणारा. सडक अर्जुनीच्या बाजारात मला ईश्वरदास म्हणून कमी आणि पाणकर म्हणून जास्त ओळखतात. त्याचा मला तोरा आहे आणि तो मी लपवत नाही. आम्ही कोहळी, तळी बांधणारे आणि राखणारे लोक. तोरा असायलाच हवा.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. सोमवारी तळ्याच्या बांधावर बैठक होती आणि तिथे मला पुढच्या पाणकराचं नाव सांगायचं होतं. मुलगा हिमांशु तिरोड्याला वीज प्रकल्पात नोकरीला. पाणी नळातून येतं एवढंच त्याला माहीत. मुलगी पुष्पांजली म्हणाली, मी होते पाणकर. चोवीस वर्षांची, गणिताच्या शिकवण्या घेते, तळ्याचा इंचन् इंच तिला ठाऊक. पण पाणी मोजता येणं वेगळं आणि मनिरामसमोर उभं राहणं वेगळं. मनिरामच्या बांध्या तुडुमाला लागून. पाणी त्याला सगळ्यांत आधी मिळतं आणि कधीच पुरत नाही. त्यात यंदा तळं अर्धंच भरलेलं. अशा साली पोरीला त्याच्यापुढे उभं करायला माझं मन होत नव्हतं, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

पुष्पा वाद घालत बसली नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि शेजारी खुर्ची ओढली.

"माह्या बाजूले बसा बाबा. अन बोलू नोका."

ती पोकर खेळते. पैशाचा खेळ नाही, त्याला माझ्या घरात जागा नाही. चिपा फुकटच्या असतात, हरलं तर जातं ते फक्त नाक. विदर्भातल्या पत्तेवाल्यांच्या एका मंडळाची ऑनलाइन स्पर्धा होती. दोनशे जणांतून दोघं उरले होते, एक आमची पुष्पा आणि दुसरा गोंदियाचा भुवनेश्वर. तो लागोपाठ दोन वर्षं जिंकलेला. तिने मला खेळ थोडक्यात समजावला. दोन पत्ते हातात लपलेले, पाच टेबलावर उघडे. सगळे मिळून ज्याचा मेळ मोठा, तो जिंकतो. नाहीतर जो समोरच्याला घाबरवून पत्ते टाकायला लावतो, तो जिंकतो.

तासभर पाहिलं आणि मला राग यायला लागला. हात वाईट आला की पोरगी गुपचूप टाकून देई. चांगला आला की चिपा लावी. आणि मधला आला, धड चांगला नाही धड वाईट नाही, तर मुकाट्याने शेवटपर्यंत जाऊन दाखवी. कधी थोडं जिंके, कधी थोडं हरे. तिकडे भुवनेश्वर खुशाल थापा मारत होता. मी दोनदा तिच्या कानाशी म्हटलं, घाबरव त्याले.

"मधल्या हातानं खोटं कायले बोलाचं, बाबा? तो दाखवूनबी जिंकते."

मी मनात ठरवून टाकलं. पोरगी फार सरळ आहे. मनिराम हिला बाजारात नेऊन विकेल. किल्ली हिच्या हाती द्यायची नाही.

मग तो डाव आला. पुष्पाच्या हातात बदामाचा एक्का आणि इस्पिकची दश्शी. टेबलावर किलवरची दश्शी, किलवरचा राजा आणि तीन बदाम. म्हणजे तिच्याकडे दश्श्यांची जोडी. पुन्हा मधलाच हात. भुवनेश्वरने चिपांचा मोठा ढीग पुढे सरकवला. ज्याच्या हातात दोन बदाम असतील त्याचे पाच बदाम होत होते, आणि दश्श्यांची जोडी त्यापुढे काहीच नव्हती. एकट्या राजाची जोडीसुद्धा तिला भारी होती. एका तासात मला एवढं कळायला लागलं होतं. मला वाटलं, टाकेल आता.

पुष्पा अर्धा मिनिट हलली नाही. मग तिने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिपा पुढे लोटल्या.

पडद्यावर भुवनेश्वरचे सेकंद उलटे मोजले जात होते. अगदी शेवटच्या सेकंदाला त्याने पत्ते टाकले. त्यानंतर त्याचा खेळ बिघडला तो बिघडलाच, आणि वीस मिनिटांत पुष्पा जिंकली. त्याने खाली हिंदीत लिहून विचारलं, बदाम का एक्का था ना? पुष्पाने लिहिलं, था. तेवढं मात्र खरं होतं.

शाबासकी द्यायची सोडून मी तिला दरडावूनच विचारलं, इतका वेळ खोटं बोलली नाही, मग इथंच काऊन?

"हा हात दाखवला असता त हरली असती," ती म्हणाली. "त्याच्या मोठ्या लावण्यानंच समजलं. पण सगळ्यात मोठा बदाम माह्यापाशी होता. तो त्याच्यापाशी नाई, मनजे त्याचे पाच बदाम असले तरी माहे मोठे असतीन याचा त्याले भेव, हे मलेच मालूम होतं. अन दुपारपासून मी एकदाबी खोटी नवती बोलली, मनून त्यानं आयकलं." मग लॅपटॉप मिटत म्हणाली, "हे मी पोकरात नाई शिकली. तुमी नाई का, किल्ली घेऊन नागऱ्याले जाऊन बसले होते?"

बारा वर्षांपूर्वीचं साल. तेव्हाही तळं अर्धं, धान निसव्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला, आणि मनिराम आणि त्याच्या शेजारच्यांना पाण्याची दुसरी पाळी हवी होती. दिली असती तर शेवटच्या बांध्या वाळल्या असत्या. मी तुडुमाला कुलूप लावलं, दुसऱ्या पाळीचा हट्ट सोडत नाहीत तोवर सगळ्यांचंच पाणी बंद असं सांगितलं आणि एसटीने नागऱ्याच्या महादेवाला जाऊन बसलो. संध्याकाळी फोन आला, सगळे कबूल झाले. मी खरंच बंद ठेवलं असतं असं गाव आजही मानतं. बंद ठेवणार नव्हतो. दुसऱ्या सकाळी येऊन उघडणारच होतो, धान मारणं माझ्याच्याने झालं नसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. फक्त त्या देवळाच्या पायरीवर स्वतःशी पुटपुटलो होतो, आणि शेजारी बारा वर्षांची पुष्पा चणे खात बसली होती.

ऊर भरून येणं म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं.

सोमवारी बांधावर मी भाषण केलं नाही. कंबरेची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत पुष्पाच्या हातात ठेवली. कोणी काही बोलायच्या आत मनिराम उठला. आपल्याला नेहमीसारख्या दोन पाळ्या लागतील म्हणाला.

"शेवटची बांधी ओली झाल्याबिगर दुसरी पाळी कोणालेच नाई," पुष्पा म्हणाली. आवाज चढवला नाही. "कबूल नसन त तुडूम आत्ता बंद करते, अन किल्ली घेऊन भावाकडं तिरोड्याले जाते."

मनिराम तिच्याशी बोललाच नाही. माझ्याजवळ सरकला आणि हळूच विचारलं, खरंच जाईल का?

मी पुष्पाकडे पाहिलं. तिला मी जन्मल्यापासून पाहतोय. तिचा ताप मी कपाळाला हात न लावता ओळखतो.

"मले नाई मालूम, मनिराम," मी म्हणालो. "किल्ली तिच्यापाशी हाय."

तो कबूल म्हणाला आणि खाली बसला. बैठक पांगल्यावर घरी येताना पुष्पा किल्ली फिरवत पुढे चालली होती. खरंच गेली असतीस का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. एकतीस वर्षं अख्खं गाव माझ्या तोंडाकडे पाहून अंदाज बांधत आलं. आता मीही तिच्या तोंडाकडे पाहतो, आणि शपथेवर सांगतो, मला काही म्हणजे काही कळत नाही.