सहा पायांचा रेडा

आमच्या गावात शूर माणसांची कधीच टंचाई नसते. खानावळीच्या भिंतीवर कामांची पाटी टांगलेली आहे. कुणाच्या विहिरीत राक्षस शिरला, कुणाच्या शेळ्या रानातली चेटकीण पळवते, असलं काहीबाही तिच्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून तलवारी आणि धनुष्यं घेतलेली मंडळी येतात. दार न वाजवता घरात शिरतात, मडकं दिसलं की आत काय आहे ते बघायला फोडतात, आणि रस्त्यात भेटेल त्याला "काही अडचण आहे का?" असं विचारत सुटतात. आमचं खाटिकाचं दुकान चौकातच, त्यामुळे प्रवासाला लागणाऱ्या सुक्या मांसासाठी ती आमच्याकडे येतातच.

आमची सूनही त्यांच्यातलीच. चार वर्षांपूर्वी पाठीला तलवार लावून दुकानात आली. माझ्या मुलाने तिची पुडी बांधायला एवढा वेळ घेतला, की मी तेव्हाच ओळखलं. लग्न झालं, तलवार माळ्यावर गेली. पोरगी गुणाची. पण मांस कापायच्या ठोकळ्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. आमचे हे म्हणायचे, "तिचा हात तलवारीचा आहे. तलवारवाला मारतो. खाटीक मारत नाही, सोडवतो." त्यामुळे सूनबाई चार वर्षं पुड्याच बांधत होती. पण ह्यांची सुरी चालायला लागली की तिची बोटं आपोआप हलायची, ते मी बघत होते.

त्या दिवशी मुलगा पहाटेच गाडी घेऊन नदीपलीकडे मीठ आणायला गेला होता. ह्यांच्या उजव्या अंगठ्याला गांधीलमाशी चावली होती, आणि अंगठा सुजून पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता. दुकान बंदच ठेवू असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात चौकात गलका झाला.

बघतो तर काय, चौघा शूरांनी उत्तरेच्या शेतांतला तो सहा पायांचा रेडा मारून आणला होता! दोन महिने त्याने गावाच्या पिकाचा चिखल केला होता. सहा बैल जुंपून त्याला ओढत आणला आणि बरोब्बर आमच्या दारात सोडला. उंची आमच्या छपराएवढी. चौघांचा म्होरक्या चिलखत खडखडवत पुढे आला.

"शिंगं तेवढी आमची," तो म्हणाला. "बाकी सगळं गावाचं."

"गावाचं म्हणजे कुणाचं?" ह्यांनी विचारलं. "दुपारपर्यंत उन्हात राहिला तर गाव सोडून पळावं लागेल. आत्ताच्या आत्ता फोडायला हवा."

ह्यांनी डाव्या हातात सत्तूर घेतला. पहिलाच घाव निसटला आणि दाराच्या चौकटीत जाऊन बसला. दुसरा माझ्या पायापासून वीतभर अंतरावर. लोक दोन पावलं मागे सरकले.

"बाबा, मी करू?" सूनबाईने हळूच विचारलं.

"तुझा हात तलवारीचा..."

"अहो!" मी ओरडले. "तो मेलाय! मेलेल्याला ती आणखी काय मारणार?"

सगळा चौक हसला. हे लाल झाले, मग स्वतःच फिस्सकन हसले. पस्तीस वर्षांत कुणाच्याही हातात न दिलेली ती पातळ, झिजलेली सुरी त्यांनी तिच्यापुढे धरली.

"मी सांगेन तसंच. दाबायचं नाही. सुरीला वाट दिसते, तू फक्त तिच्या मागे जायचं."

हे दारात स्टूल टाकून बसले. सूनबाईने केस बांधले, बाह्या वर केल्या. कातडी सोलताना आधी तिने फार जोर लावला. "ए, भांडू नकोस त्याच्याशी!" हे ओरडले. दुसऱ्यांदा तिचा हात सैल पडला. तिसऱ्यांदा कातडी अशी सुटत गेली, जशी ओली चादर दोरीवरून ओढावी. मी चोरून ह्यांच्याकडे पाहिलं, तर स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचाच डावा हात हवेत सुरी चालवत होता.

चौघांमधला एक ठेंगणा जादूगार होता. त्याला मदतीची भारी हौस. "मी मांस गार ठेवतो," म्हणाला आणि काहीतरी पुटपुटला. मांस राहिलं तसंच, आमच्या ह्यांच्या दाढीला मात्र बर्फ लागला. दुसऱ्यांदा माझं खिम्याचं पातेलं गोठलं. मी त्याचा कान धरून त्याला तळघरात नेलं आणि म्हटलं, "इथे काय हवं ते गोठव." ते मात्र त्याने झकास केलं. भिंतींवर बोटभर जाडीचा बर्फ चढला, आणि कापलेलं मांस खाली न्यायला माणसांची रांग लागली.

पुढचे पाय निघाले, मागचे निघाले, बरगड्या निघाल्या. मग मधल्या पायांची पाळी आली, आणि सूनबाई थांबली.

"बाबा, सांधा कुठे?"

हे उठले. डाव्या हाताने चाचपलं. वर दाबलं, खाली दाबलं, कान लावून पाय हलवून पाहिला. जन्मभर चार पायांचीच जनावरं फोडलेली, मधल्या पायाचा सांधा कुठून माहीत असणार? शेवटी सगळ्या गावासमोर ते म्हणाले, "मला ठाऊक नाही."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. हातातलं पातेलं खाली ठेवलं मी.

सूनबाई मात्र सरळ जमिनीवर पालथी पडली आणि सरपटत त्या धुडाखाली शिरली.

"लग्नाआधी असल्या एकाशी माझी गाठ पडली होती," खालून तिचा आवाज आला. "हा धावताना मधला पाय बाहेर नाही टाकत, आत ओढतो. ओढला की पोटाजवळ मांसात घडी पडते. आम्ही तिथेच वार केला. वार आत गेला, म्हणजे तिथे हाड नाही. बाबा, हात द्या!"

हे गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. तिने त्यांची बोटं धरून त्या घडीत घातली.

"आहे!" हे आतूनच ओरडले. "अगं आहे! उलटा आहे! सांध्याची वाटीच उलटी बसवलीय!"

दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. सुरी आत गेली, जराशी वळली, आणि तो खांबासारखा पाय धपकन सुटून बाजूला पडला. लोकांनी असा जल्लोष केला, की रेडा मारला तेव्हासुद्धा झाला नसेल. म्होरक्याचा चेहरा थोडा पडलाच.

दुपारच्या आत सगळा रेडा फुटला. घरटी एक मोठा तुकडा गेला, तरी तळघर भरलेलंच. संध्याकाळी चौकात जाळ पेटवला आणि मधल्या पायाचं मांस भाजलं. इतकं मऊ आणि रसाळ मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं. मुलगा मिठाची गाडी घेऊन परतला, तेव्हा त्याची बायको कोपरापर्यंत माखलेली, सासऱ्याशी हातवारे करून भांडत होती.

"सकाळी तर तू पुड्या बांधत होतीस!" तो गाडीवरूनच म्हणाला.

"मीठ उतरव आधी," सूनबाई म्हणाली. "आणि उद्यापासून पुड्या तू बांध."

भांडण चाललं होतं नावावरून. पुढच्या पायाला फरा हे नाव आहे, मागच्याला मांडी. ह्या नव्या तुकड्याला काय म्हणायचं? हे हट्टाला पेटले होते, की ज्याने वाट शोधली त्याचंच नाव द्यायचं.

"उद्यापासून दुकानात सांगायचं, हा सूनबाईचा तुकडा!"

"अहो, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं. "खाटकाने सुनेलाच कापलं?"

हसता हसता ह्यांना ठसका लागला. सूनबाई त्यांची पाठ चोळत होती आणि स्वतःही हसत होती. ठसका थांबल्यावर ह्यांनी म्होरक्याला बाही धरून जवळ बसवलं, त्याच्या पानात आणखी एक तुकडा वाढला आणि लाडीगोडी लावत विचारलं,

"काय हो, आठ पायांचं काही असतं का तुमच्या त्या रानात?"